‘विचारून सांगते’

नागपूरच्या मनीष नगर भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३७, एम.कॉम. धंतोलीतल्या एका सीएंच्या ऑफिसात नऊ वर्षांपासून नोकरी. टॅली, टीडीएस, जीएसटीची रिटर्न असं जवळपास सगळं त्याच बघतात. पगार २६ हजार. घरी नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. नावगाव काढून पत्राचा सारांश देते:

“दिवाळीनंतर इतवारीच्या किराणा ओळीतले एक व्यापारी ऑफिसात आले होते, आमचे जुने क्लायंट. जाता जाता मला म्हणाले, ‘ताई, धाकट्या भावानं वेगळी फर्म काढली. त्याचा हिशेब तुम्हीच घरून बघून द्या ना.’ मी म्हटलं, ‘विचारून सांगते.’ चार दिवसांनी कळलं, काम दुसऱ्याला गेलं. त्याआधी मिहान या नागपूरच्या उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीत अकाउंट्सची जागा निघाली होती. ओळखीच्या बाईंनी रात्री नऊला फोन केला, ‘उद्या सकाळपर्यंत बायोडेटा पाठव.’ माझा बायोडेटा २०१६ सालचा. तो नीट करण्यात दोन दिवस गेले. आज त्या जागेवर माझ्यानंतर लागलेली आमच्याच ऑफिसातली मुलगी आहे. ती दर शनिवारी कसल्याशा क्लासला जायची, सर क्लायंटशी बोलायला बसले की ‘मीही बसू का?’ म्हणायची. आहेच ती बिनधास्त, आणि नशीबवानही. मी वर्षभरापासून पहाटे पाचला उठून मनाच्या तयारीचे व्हिडिओ बघते, वहीत ध्येयं लिहिते, डोळे मिटून स्वतःचं ऑफिस डोळ्यांपुढे आणते. तरी वेळ आली की तोंडातून तेच निघतं. संधी साधायची वृत्ती जन्मतःच असावी लागते का? की माझी तयारी अजून पुरी झालेली नाही?”

ताई,

तुमचं पत्र वाचताना ‘विचारून सांगते’पाशी मी थांबले, कारण हे वाक्य मी स्वतः बोललेली आहे. बँकेत होते तेव्हाची गोष्ट. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, मनिलाला तीन आठवड्यांचं ट्रेनिंग आहे, जाल का? मी म्हटलं, घरी विचारून सांगते. रात्री घरी विचारलं. सासरे पेपरातून मान वर न करता म्हणाले, “जा की.” दोन मिनिटांत होकार! सकाळी साहेबांना सांगायला गेले तर त्यांनी पुढचा प्रश्न केला, पासपोर्ट आहे ना? नव्हता. तेव्हा पासपोर्ट काही आठवड्याभरात येत नसे. गेलं ट्रेनिंग. वर्षानुवर्षं मी लोकांना सांगत राहिले की घरच्या जबाबदाऱ्यांमुळे मला जाता आलं नाही. ते खरं नव्हतं. घरच्यांनी मला अडवलंच नव्हतं, माझ्याकडे एक पुस्तिका नव्हती एवढंच. पण ‘पासपोर्ट नव्हता’पेक्षा ‘घर होतं’ हे सांगायला बरं वाटायचं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत भरून पिशवीवर ‘माझ्यात वृत्तीच नाही’ अशी चिठ्ठी डकवली आहे. जरा सोडून बघू.

मिहानची गोष्ट सोपी आहे. तिथे वृत्तीचा संबंधच नव्हता, बायोडेटा जुना होता. तो आता करा. दोन पानं, त्यावर नऊ वर्षांत काय काय केलंत ते आकड्यांत: किती फर्मची रिटर्न महिन्याला भरता, किती ऑडिटांची कागदपत्रं तयार केलीत, एखादी नोटीस आली तेव्हा उत्तर कोणी लिहिलं. दर सहा महिन्यांनी, रक्षाबंधनाला आणि संक्रांतीला म्हणा हवं तर, त्यात दोन ओळी वाढवायच्या. पदवीची, मार्कशीटची, अनुभवाच्या दाखल्याची प्रत फोनमध्ये एका फोल्डरात. आधीच्या नोकरीचा दाखला घेतला नसेल तर संबंध चांगले आहेत तोवर जाऊन घेऊन या. यावर याहून जास्त बोलायची गरज नाही.

किराणा ओळीतल्या व्यापाऱ्याचं प्रकरण मात्र खोल आहे आणि त्यात तुम्ही स्वतःवर थोडा अन्यायच केला आहे. तो माणूस तुमच्या सरांचा क्लायंट. भावाची फर्म नवी, म्हणजे अजून सरांची नाही. पण उद्या ती सरांकडेच आली असती हे तुम्हालाही दिसत होतं. अशा वेळी नऊ वर्षं ज्यांच्याकडे पगार घेतला त्यांच्या पाठीमागे, त्यांच्याच ऑफिसच्या दारात ‘हो, देते करून’ असं पटकन म्हणणं मला तरी रुचलं नसतं. तुमची जीभ अडखळली ती भित्रेपणानं की सचोटीनं, हे तुम्ही तपासलंय का? मला वाटतं दोन्ही होतं, आणि व्हिडिओवाल्यांनी तुम्हाला फक्त पहिलं बघायला शिकवलं. मिळेल ते झडप घालून घेणं याला ते ‘तयार मन’ म्हणतात. तशी तयारी नसलेली बरी.

पण मग ‘विचारून सांगते’ चुकलं कुठे? विचारणार कोणाला होता, ते पत्रात नाही. मी आपलं ओळखायचा प्रयत्न करते. सरांना विचारायचं होतं की हे चालेल का. नवऱ्याला विचारायचं होतं की संध्याकाळचे दीड-दोन तास मला मिळतील का. सासूबाईंना विचारायचं नव्हतं, त्यांचा चेहरा बघायचा होता. आणि स्वतःला विचारायचं होतं की पैसे किती मागू, कारण तो ‘किती घ्याल?’ म्हणाला असता तर तुमच्याकडे आकडा नव्हता. यातला एक तरी प्रश्न असा आहे का, जो त्या व्यापाऱ्यानं तोंड उघडल्यावरच निर्माण झाला? चारही प्रश्न वर्षभर तुमच्या घरात आणि ऑफिसात पडून होते. पहाटे पाचला तुम्ही ध्येयं लिहीत होतात. संध्याकाळी सातला, भाजी निवडताना, हे विचारायचं राहून जात होतं.

विचारायचं ते आधी विचारून ठेवा. मला तयारी म्हणजे मुख्यतः हेच अभिप्रेत आहे. सरांशी एकदा शांतपणे बोला, २० तारीख झाल्यावर, त्यांच्या डोक्यावर काम नसताना: “सर, घरून दोन-चार छोट्या दुकानदारांचे हिशेब बघायचा विचार आहे. आपल्या क्लायंटना हात लावणार नाही. त्यांच्या नात्यातलं कोणी आलं तर आधी तुम्हाला सांगेन.” त्याआधी नेमणुकीचं पत्र काढून वाचा; त्यात बाहेरचं काम करू नये अशी अट असेल तर बोलणं वेगळ्या पद्धतीनं करावं लागेल. सर नाही म्हणाले तर? तेही आत्ता कळलेलं बरं. मग नोकरी की स्वतंत्र काम, हा प्रश्न निदान तुमच्यापुढे खरा प्रश्न म्हणून उभा राहील. आज तो धुक्यात आहे.

नवऱ्याशीही ‘मला काहीतरी करायचंय’ असं बोलू नका. त्या वाक्यावर जगातला कुठलाही नवरा ‘कर की’ म्हणतो आणि टीव्ही लावतो. मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी सात ते साडेआठ मी खोलीचं दार लावून बसेन, त्या दिवशी मुलाचा अभ्यास आणि पोळ्या कोणाकडे, एवढं ठरवा. पोळ्या विकत आणायच्या ठरल्या तरी चालेल. सासूबाईंना ते दोन दिवस दिसू द्या. दार चार आठवडे लागलं की त्याचीही सवय होते.

आणि तरीही एखाद्या वेळी विचारावं लागलंच तर ‘विचारून सांगते’ला शेपूट जोडा: “गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत फोन करते.” व्यापारी माणसाला तुमचा विचार चालू आहे हे ऐकायला येत नाही, त्याला तारीख ऐकू येते. किराणा ओळीत उधारीलासुद्धा तारीख असते. तुम्ही तारीख दिली नाहीत, त्यानं त्याचा अर्थ नकार असा लावला, आणि त्याच्या जागी मीही तोच लावला असता.

आता त्या ‘तयार मना’कडे येते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. हे शब्द ज्याच्या नावावर भिंतीभिंतीवर लावलेले असतात तो फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर. ७ डिसेंबर १८५४ रोजी फ्रान्समधल्या दुए शहरात, लीलच्या विज्ञान शाखेचा नवा प्रमुख म्हणून भाषण करताना तो ते बोलला. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. पोस्टरवर असतं, ‘दैव तयार मनालाच साथ देतं’. पाश्चरच्या वाक्याची सुरुवात पोस्टरवाले कापून टाकतात. ‘निरीक्षणाच्या क्षेत्रात’ असं तो आधी म्हणाला होता. हिंमत, आत्मविश्वास, झेप असलं काही त्या वाक्यात नाही. तो बघण्याबद्दल बोलत होता. आणि उदाहरण देत होता डेन्मार्कच्या ओर्स्टेड या शास्त्रज्ञाचं. १८२० साली शिकवता शिकवता तारेतून वीज सोडताना जवळची होकायंत्राची सुई हलली, हे ओर्स्टेडनं पाहिलं आणि विजेचा नि चुंबकाचा संबंध जगाला कळला. सुई हलली हे नशीब. पण ती जरा थरथरली तर त्यात विशेष काय? दुसऱ्या कोणी टेबलाला धक्का लागला असं समजून पुढे शिकवलं असतं. ओर्स्टेडच्या डोक्यात कित्येक वर्षं एकच प्रश्न फिरत होता, या दोन शक्तींचं काही नातं आहे का? म्हणून त्याला ती थरथर दिसली.

तुमच्या डोक्यात असा कुठला प्रश्न आहे? ‘मी मोठी कधी होणार’ हा प्रश्न फार मोठा आहे, त्यानं काहीच दिसत नाही. ‘महिन्याला पाच छोटी दुकानं मला कुठून मिळतील’ हा प्रश्न घेऊन आठवडाभर मनीष नगरात हिंडा. मेडिकलवाला बिलांची पिशवी शेजारच्या पोराच्या हवाली करताना दिसेल. ब्लाउज शिवणाऱ्या बाईंना कर्जासाठी बँकेनं रिटर्न मागितलं आहे, हे कानावर पडेल. ही माणसं गेल्या वर्षीही होती.

आणि ती ऑफिसातली मुलगी. तुम्ही एका वाक्यात लिहिलं की ती शनिवारी क्लासला जायची आणि क्लायंटसमोर बसू देता का म्हणून विचारायची, आणि पुढच्याच वाक्यात तिला नशीबवान म्हटलं. ताई, पुरावा तुम्हीच दिला आणि निकालही तुम्हीच उलटा लावला! मला तिचं कौतुक फार करायचं नाही. एकटी मुलगी आहे, शनिवार तिचे स्वतःचे आहेत, तुमचे नाहीत. हा फरक खरा आहे आणि कुठल्याही व्हिडिओत तो सांगत नाहीत. पण ‘मीही बसू का?’ हा प्रश्न विचारायला शनिवार लागत नव्हता.

पहाटेच्या डोळे मिटून बघण्याबद्दल थोडं कडू बोलते. गॅब्रिएल ओटिंगेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकारी डोरिस मायर यांनी शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या जर्मन तरुणांचा दोन वर्षं माग काढला, २००२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नोकरी लागल्याची गोड चित्रं जे जास्त रंगवत होते, त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकरीच्या ऑफर कमी आल्या आणि दोन वर्षांनी त्यांचा पगारही कमी भरला. ‘आपल्याला जमेल’ असा अंदाज बाळगणारे मात्र पुढे गेले. अंदाज वेगळा, रंगवलेलं चित्र वेगळं. चित्र रंगवलं की मनाला वाटतं पोचलो आपण, आणि अंग सैल पडतं. तुम्ही वर्षभर रोज पहाटे तुमच्या ऑफिसचं उद्घाटन करत होतात.

त्याऐवजी काय? पीटर गोलविट्झर या संशोधकानं ‘जर-तर’चे ठराव सुचवले. ‘मी धीट होईन’ असं ठरवायचं नाही. ‘जर कोणी कामाबद्दल विचारलं, तर मी आधी दर सांगेन आणि मग दिवस मागेन’ असं ठरवायचं. प्रसंग आणि कृती यांची आधीच गाठ मारून ठेवायची. २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला आणि ही साधी युक्ती चांगलीच परिणामकारक ठरली. (ओटिंगेन आणि गोलविट्झर हे नवरा-बायको आहेत. त्यांच्या घरी पोळ्यांचं कसं ठरतं हे मला फार जाणून घ्यायचं आहे.) तुमच्या वहीतली ध्येयं खोडू नका, पण पुढच्या पानावर असे तीन ‘जर-तर’ लिहा. त्यातला एक दराचा असू द्या. समजा छोट्या दुकानाचे महिन्याला ३ हजार. पाच दुकानं म्हणजे १५ हजार. हा आकडा माझा अंदाज, तुमचा तुम्ही काढा. पण तो आरशासमोर मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्यांदा म्हणताना आवाज बारीक होतो, पाचव्यांदा होत नाही. बायकांचा तर हमखास होतो, माझाही व्हायचा.

माझं माहेर काटोलकडचं, भावाची संत्र्याची बाग आहे. सध्या तिकडे गेलात तर काही बागा मलूल दिसतील. पानं सुकलेली, रंग उतरलेला; शहरातल्या माणसाला वाटावं, झाडं मरतायत. आंबिया बहारासाठी ताण दिलेला असतो. डिसेंबरात पाणी तोडतात, हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. झाडाची वाढ थांबते आणि ते फुलाची तयारी करायला लागतं. मालक त्या दिवसांत रिकामा नसतो. सल काढणं, म्हणजे वाळलेल्या फांद्या छाटणं, खोडांना बोर्डो पेस्टचा बुरशीनाशक लेप लावणं, झाडांभोवती आळी करणं, शेणखत घालणं चालू असतं. मग संक्रांतीच्या आसपास ताण तोडतात, पाणी सोडतात, आणि बाग पांढरी होते.

दुसरा मृग बहार. त्याचा ताण मे महिन्यात, ऐन उन्हात, आणि पाणी द्यायचं ते जूनच्या पावसानं. लहानपणी एकदा आमच्या शेजारच्या बागेत मृगाच्या पावसानंतर नुसती हिरवीगार नवती फुटली, फूल नाही. आमच्याकडे घमघमाट. मी बाबांना कारण विचारलं. ते म्हणाले, “पाऊस त त्याच्याही वावरात पडला. त्यानं ताण नव्हता देल्ला.” तुम्हाला वाटेल मी तुम्हाला त्या शेजाऱ्याच्या जागी बसवते आहे. नाही. कारण पुढच्याच वर्षी बाबांनी सगळं अगदी वेळेवर केलं आणि मृगच कोरडा गेला. जुलै आला तरी पाऊस नाही. बहार फुकट गेला, कर्ज वाढलं. त्या वर्षी बाबांनी आपल्यात वृत्ती नाही असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. पाऊस नव्हता, एवढंच ते म्हणाले, आणि डिसेंबरात आंबियाच्या तयारीला लागले. आंबियाला मृगाची वाट बघावी लागत नाही, विहिरीत पाणी असलं की झालं.

तुम्ही सांगितलेले दोन्ही प्रसंग मृगाचे आहेत. व्यापारी स्वतःहून आला, फोन स्वतःहून आला. नऊ वर्षांत तुम्ही होऊन कोणाकडे काम मागितलं, असा एकही प्रसंग पत्रात नाही. चूक काढत नाही, विचारते आहे: आंबिया का नाही घेत? सध्या हळदीकुंकवाचे दिवस आहेत, रथसप्तमीपर्यंत पंधरा-वीस घरी जाणं होईल. तिथे ‘मी अकाउंट्समध्ये आहे’ म्हणाल तर बायका मान डोलावून वाण घेतील. ‘छोट्या दुकानांचे जीएसटीचे हिशेब मी घरून बघते, कोणाला हवं असेल तर सांगा’ म्हणालात तर कोणाचा तरी दीर, कोणाचं तरी ब्युटी पार्लर निघेलच. पहिल्या घरी लाज वाटेल. वाटू द्या.

आता ‘तयारी पुरी झाली नाही’ या वाक्याचं काय करायचं? २०२५ च्या जुलैत आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक खेळायला गेली. वय १९. ग्रँडमास्टर या बुद्धिबळातल्या सर्वोच्च किताबासाठी सर्वसाधारणपणे नॉर्म, म्हणजे मोठ्या स्पर्धांतल्या ठरावीक दर्जाच्या कामगिरीची नोंद, लागतात; त्यांपैकी एकही तिच्याकडे नव्हता. कागदावर बघितलं तर त्या किताबासाठी तिची तयारी ‘अपुरी’ होती. अंतिम फेरीत कोनेरू हम्पीशी दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले, मग जलद डावांत दिव्या जिंकली. आणि स्पर्धा जिंकणाऱ्याला थेट किताब या नियमानं ती ग्रँडमास्टर होऊन परत आली. नॉर्म पुरे झाल्यावरच मोठ्या स्पर्धेला जाईन असं तिनं ठरवलं असतं तर? अर्थात तिच्यामागे लहानपणापासूनची रोजची मेहनत होती, आणि ती तुम्हा-आम्हाला जमणारी नाही. मला एवढंच म्हणायचंय की तयारी कधी पुरी झाली याची चिठ्ठी कोणी आणून देत नाही. तुमची नऊ वर्षांची तयारी आहे. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचा गोंधळ तुम्ही हातानं निस्तरला आहे. तेव्हा पोर्टल बंद पडायचं त्या रात्री जागणाऱ्या तुम्ही! त्याहून मोठी शिकवणी कुठल्या क्लासात मिळणार?

एक कागद मात्र मिळवण्यासारखा आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते. जीएसटीच्या पोर्टलवर पीसीटी-०१ हा अर्ज भरायचा. तुम्हाला हे ठाऊक असेलच, इतरांसाठी लिहिते. उद्या क्लायंटच्या वतीनं काम करताना ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला ते सरळ उत्तर आहे. हे सगळं कधी करायचं? तुमच्या कामाच्या महिन्यातच त्याचं उत्तर आहे. जीएसटीची दर महिन्याची दोन रिटर्न: ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी. म्हणजे १ ते २० तुम्ही माणसांत नसता. २१ ते २८ मात्र थोडा श्वास असतो. तुमचे व्हिडिओवाले रोज पहाटे पाच म्हणतात. त्यांना ३बी भरायची नसते. महिन्यातले हे आठ दिवस तुमचे ठेवा आणि उरलेले बावीस दिवस पाचला उठू नका, झोपा. जुलै आणि सप्टेंबरात तर काहीच नवीन धरू नका.

थोडे पैसे बाजूला असणं हीसुद्धा मनाचीच तयारी आहे. खात्यात चार महिन्यांचा घरखर्च असलेली बाई ‘दर कमी होणार नाही’ हे वाक्य वेगळ्या आवाजात म्हणते.

आणि नकाराची यादीही करून ठेवा. मिहानची ती जागा तुम्हाला खरंच हवी होती का? जाऊन-येऊन वेळ किती, महिनाअखेरीला सुटका कधी, मुलाचं काय, यातलं काही पत्रात नाही. गेलेली गोष्ट नंतर मोठी दिसते. काय घेणार नाही हे ठरलेलं असलं की रात्री नऊच्या फोनला ‘नाही, धन्यवाद’ म्हणून शांत झोपता येतं, आणि ती चुकलेली संधी म्हणून वर्षभर उशाशी राहत नाही.

याच महिन्यात हिंगणा एमआयडीसीतल्या एका मेंटेनन्सवाल्या दादांचं आणि स्पर्धा परीक्षेच्या चौथ्या प्रयत्नात असलेल्या एका मुलाचं जवळपास असंच पत्र आलं. दादांनी सुपरवायझरला ‘बघतो’ म्हटलं होतं, तारीख त्यांनीही दिली नव्हती. त्या मुलाला मात्र माझा प्रश्न वेगळा आहे: परीक्षा नाही झाली तर काय, हे तू घरी कधी विचारून ठेवलंस? त्याला सविस्तर पुढच्या वेळी लिहीन.

तुमच्याकडे परत येते, ताई. त्या व्यापाऱ्याच्या भावाचं काम दुसऱ्याला गेलं, हे तुम्हाला कोणाकडून तरी कळलं. त्यांनी स्वतः तुम्हाला सांगितलेलं नाही. म्हणजे तुमच्याकडून उत्तर जायचं अजून बाकीच आहे. आधी सरांशी बोलून घ्या. त्यांनी हरकत घेतली नाही तर २१ तारखेनंतर त्या व्यापाऱ्यांना फोन करा. “दादा, दिवाळीनंतर तुम्ही विचारलं होतं, मला उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. आता मी घरून काम घेते, सरांना माहीत आहे. दर असा असा.” ते म्हणतील, ‘काम तर दिलं हो, ताई.’ मग म्हणा, “हरकत नाही. त्या ओळीत आणखी कोणाला हवं असेल तर माझा नंबर द्या.” आणि फोन ठेवायच्या आधी दर एकदा पुन्हा सांगा, पहिल्यांदा आवाज बारीक झाला असेल.